खणातली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझा रंग उडालाय, पट्टा सैल झालाय, आणि खरं सांगायचं तर मी आता थकले आहे. कारखान्यात कशी घडले ते फारसं आठवत नाही. आठवतो तो माझ्या शिंपी मास्तरांचा पाय. तीस वर्षं त्यानंच मला पळवलं. "मास्तरांच्या शिवणीला तोड नाही," असं गिऱ्हाईक म्हणालं की मीच फुगायचे.

मास्तरांचा एक नियम होता. हातातलं शिवून झाल्याशिवाय नव्या कापडाला कात्री लावायची नाही. नियम चांगला होता, पण त्यानंच घात केला.

एके दिवशी मास्तर आणि त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, दवाखान्यातून आले. मास्तरांच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. काकूंची तपासणी ठीक होती.

"आजपासूनच गोळ्या घ्यायला सांगितल्यात," काकू म्हणाल्या.

"घेतो गं. हातातले गणवेश तर उरकू दे. गोळ्यांनी गरगरलं तर शिवणार कोण?"

गोळ्यांची बाटली माझ्या खणात, दोऱ्याच्या बॉबिनांच्या मागे गेली. गणवेश झाले, मग कोट आले, मग कुणाचे पडदे. काम कधी संपतं का? काकूंनी विचारलं की मास्तर म्हणत, "घेतोय की." मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं? खोकला हटेना. पाय हलका पडत गेला, दोन शिवणी झाल्या की थांबू लागला. मला फार भीती वाटायची.

एका दुपारी सुई मोडली. नवी शोधायला काकूंनी खण उघडला आणि बाटली हाती लागली. सील तसंच होतं. त्या रडल्या नाहीत. कोटाची बाही अर्धवट सोडून त्यांनी मास्तरांना उठवलं.

"अहो, ही बाही दुसरा कुणीही शिवेल. तुमच्या जागी मी कुणाला बसवू?"

दवाखान्यात क्षयही निघाला, तो मेंदूपर्यंत पोचला होता. आधी त्याची औषधं, मग डॉक्टरांनी सांगितल्यावर या गोळ्या. मास्तर कितीतरी दिवस खाटेवर होते. जीव वाचला, उजव्या पायातलं बळ मात्र परतलं नाही.

आता मला काकू चालवतात. मास्तर शेजारी बसून काजं करतात. सकाळची गोळी घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाहीत.

मित्रांनो, मला तेल चार दिवस उशिरा घातलंत तर मी नुसती कुरकुरेन. माणसाचं औषध मात्र सांगितलं त्याच दिवशी सुरू करा. काकूंचा पाय चांगला आहे, पण मी अजून मास्तरांच्या पायाची वाट बघते.