तीन दिवसांची माहेरवाशीण

२०१९ साल. आमची नात अवंतिका त्या वर्षी कॅनडाची नागरिक झाली आणि भादव्यात व्हिसा काढून जबलपूरला, मदन महलच्या घरी आली. स्वतःच्या घरी, व्हिसा काढून! माझ्या यजमानांना, विष्णुपंतांना, ते फार लागलं.

त्यांचंही खरं होतं. आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले. इतक्या पिढ्या गेल्या, तरी भाजीवाला विचारतो, "आप लोग कहाँ के हो?" नागपूरला लग्नाला जावं, तर तिथले म्हणतात, "हे जबलपूरचे, हिंदीवाले." एवढ्या कष्टानं आपण कुठले तरी झालो, आणि पोरीनं ते एका सहीत सोडलं, असं त्यांचं म्हणणं.

महालक्ष्म्या यायचा दिवस आला. ज्येष्ठेचा मुखवटा तुळशीपासून देवघरापर्यंत घरच्या लेकीनं आणायचा, ही आमची रीत. लहानपणापासून तो मान अवंतिकाचा. ती मुखवटा घेऊन तुळशीपाशी उभी राहिली, तर हे दारातूनच म्हणाले, "तो विनताला दे." विनता आमची सून, अवंतिकाची आई.

"काहून, आजोबा?"

"तू आता तिकडची. पाहुण्यांनी बसून घ्यावं."

पोरीनं मुखवटा आईच्या हाती दिला आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. "आजी, मी आता येणार नाही," एवढंच मला म्हणाली.

मी बाहेर आले. "अहो, ह्या महालक्ष्मीबाई तरी वर्षभर कुठं राहतात? आज येतात, उद्या जेवतात, परवा चालल्या सासरी. त्यांनाही सांगा, पाहुणी आहेस, बस तुळशीपाशीच!"

विनताला हसू आवरेना. "अच्छा, मग पुरण कमी घालू का, आई?"

ह्यांनी महालक्ष्मीपुढे वाजवायचा ताट-चमचा उचलला आणि खोलीकडे तोंड करून ओरडले, "अवंते, देवी ताटकळून राहिली ना! किती वेळ उभं ठेवतेस?"

ती सुजल्या डोळ्यांनी आली. मुखवटा घेतला. "महालक्ष्मी आली," विनता म्हणाली. "कशाच्या पावलांनी?" ह्यांनी ताट वाजवत विचारलं.

दोन वर्षांनी हे गेले. कोरोनानं विमानं बंद होती, अवंतिकानं फोनवरच ऐकलं. विनता शाळेतून निवृत्त झाली. स्वयंपाक आता तीच बघते. अवंतिका त्यानंतर दोनदा आली, दोन्ही वेळा भादव्यात. तिला आता एक लेक आहे; तिला मराठी समजतं, बोलता येत नाही. इथल्या आमच्या मराठी घरांतल्या पोरांचंही तेच. मी मदन महललाच आहे, गुडघे सोडले तर बरी.