खिडकीतलं शिसं

झाशीपासून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. तरी प्रेम नगरातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत कोकणातल्या समुद्राचं पाणी बाटल्या भरून आलं होतं. मुकुल सरांनी ते तिथल्या रामकांत नावाच्या मच्छीमाराच्या होडीतून, ओकाऱ्या काढत भरून घेतलं होतं. त्यांची सहकारी निवेदिता, एका मराठी रेल्वे बाबूची मुलगी, पाण्यातलं मीठ बाजूला काढून उरलेला द्रव मास स्पेक्ट्रोमीटरला देई. कोणता धातू किती, ते यंत्र सांगे.

शिसं भलतंच जास्त निघालं. सरांनी त्यावर लेख छापायला पाठवला आणि लगेच रामकांतला फोन केला, मासे खाऊ नका म्हणून. गावाने होड्या काठावर ओढून घेतल्या.

निवेदिताला चैन पडेना. तिने नुसतं शुद्ध पाणी घेऊन तसंच तपासलं. शिसं तेवढंच. मग तिचं लक्ष कूलरकडे गेलं. त्याच्यासाठी उघडलेल्या खिडकीच्या जुन्या रंगाचे पोपडे तिच्या टेबलावर पडत होते. तिने तेही तपासले.

"सर, शिसं समुद्राचं नाही. खिडकीच्या रंगाचं आहे."

"शुद्ध पाणी आधी तपासलं नव्हतंस?"

"तपासलं होतं जी. तेव्हा कूलर नव्हता, खिडकी बंद होती."

एक बाटली अजून सीलबंद होती. खोली पुसून, खिडकी लावून, मे महिन्याच्या उकाड्यात निवेदिताने ती तपासली. शिसं नावापुरतं.

सरांनी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा वाचला. "लेख मागे घेऊ," ते म्हणाले आणि त्यांनी रामकांतला फोन लावला.

"चूक आमची झाली. मासे खा."

"साहेब, आता मी सांगून कोण ऐकणार?"

"मग मीच येतो."

निवेदिताही सोबत गेली. रामकांतच्या गावी देवळापुढे माणसं जमली. सरांनी सगळं सांगितलं, माफी मागितली. मग एक म्हातारी उठली, घरातून तळलेल्या बांगड्याचं ताट घेऊन आली.

सर झाशीच्या जुन्या पुरोहित घराण्यातले. मासा त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता. त्यांनी मांडी घातली, काटे कसे काढायचे ते म्हातारीला विचारलं आणि हळूहळू आख्खा बांगडा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या होड्या पाण्यात गेल्या. उरलेल्या काठावरच होत्या.