डब्यातला भुंगा

रेडिओचा दिवा पेटलेला होता, गाणे नुकतेच संपले होते, आणि घरापुढच्या छपरीत कोणी हलत नव्हते. पुढचे गाणे लागेपर्यंतची ती शांतता इतकी निर्मळ होती, की डोमा शिंप्याला ती अपशकुनासारखी वाटली.

"मेला काय जी हा?" त्याने हळूच विचारले.

"जिता आहे. भुंगा गेला फक्त," गुणवंतराव म्हणाले.

"भुंगा होता तवा समजे तरी, का चालू आहे म्हून!" शेजारच्या देवकाबाई कुरकुरल्या.

गुणवंतराव चांद्याच्या लाकूड-आगारात कारकून होते. सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालता घालता त्यांचे आयुष्यही एका जागी रचून ठेवल्यासारखे झाले होते. बंडखोरी केली ती एकच. बॅटरीवरचा जुना रेडिओ घरच्या विजेवर चालावा, म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर यांचा संसार त्यांनी स्वतःच्या हाताने मांडला. वीज त्या डब्यातून रेडिओत जाई. पण जाताना भुंग्यासारखे एक जाडसर, अखंड गुंजन सोबत नेई. प्लग उलटा करून झाला. डबा हातभर दूर ठेवून झाला. जमिनीत सळई ठोकून तिला तांब्या-तांब्याने पाणी घालून झाले. देवकाबाईंच्या आग्रहाखातर लिंबू-मिरचीही टांगली. भुंगा ढिम्म.

त्यांनी तो सोसलाही असता. पण भुंगा सुरू झाला, की स्वयंपाकघरातून प्रेमिलेचा, त्यांच्या बायकोचा, गाण्याचा आवाज येई. लग्नानंतर कधीही न गायलेली ही बाई आता रोज संध्याकाळी गात होती. या पीडेला कंटाळून ती आपल्या आवाजाने भुंगा दडपू पाहते, असा अर्थ गुणवंतरावांनी लावला, आणि अपराधाचे एक बारीक कुसळ त्यांच्या मनात रुतून बसले. अखेर संशय सुकलेल्या कंडेन्सरवर गेला. नागपूरहून नवा मागवला, आज कथलाचा डाग देऊन बसवला, आणि भुंगा विझला.

मंडळी उठल्यावर ते मोठ्या उमेदीने आत गेले. प्रेमिला मुकाट्याने तांदूळ निवडत होती.

"आता तं साफ झालं नं? मंग गात काऊन नाईस वं?"

"कशावर गाऊ?" ती सुपातून डोळे न काढता म्हणाली. "माहेरी बाबा दंडारीच्या खेळात पेटी वाजवे. एक सूर धरून ठेवे, मी त्याच्यावर गात होती. इथी कोनी धरनारा नव्हता. तुमच्या डब्यानं धरला होता."

"अन् मले वाटलं, तू वैतागून..."

"वैतागलेली बाई सुरात गाते काय?"

दुसऱ्या दिवशी रविवार. डोमाने सकाळीच आनंदाने वर्दी दिली, "रेंजरसाहेबाले सांगून आलो! संध्याकाळी आयकाले येतेत. साफ वाजला तं असाच डबा तुमच्याकून बनवून घेतो म्हन्ते!" उभ्या नोकरीत आगाराच्या या साहेबांनी गुणवंतरावांना कधी नावाने हाक मारली नव्हती, 'ए आगारवाले' एवढ्यावर भागत असे. आणि आज ते त्यांच्या छपरीत येणार होते.

दुपारभर गुणवंतराव उघड्या डब्यापुढे बसून राहिले. दोनदा झाकण लावले, दोनदा काढले. मग शेगडीत डाग द्यायची सळई तापवली, नवा कंडेन्सर काढला आणि सुकलेला पुन्हा जागेवर बसवला.

संध्याकाळी साहेब खुर्चीत विसावले. डोमा नवरदेवाच्या बापासारखा मिरवत होता. गुणवंतरावांनी बटण फिरवले. व्हॉल्व्ह तापले, आणि भुंगा भरल्या गळ्याने घुमू लागला.

"अवो... काल तं..." डोमाचा चेहरा उतरला.

"गुणवंतराव," साहेब म्हणाले, "हा तर चांगलाच घुमतो आहे! दोष सापडला होता ना तुम्हाला?"

आत भांडे ठेवल्याचा आवाज झाला. मग त्या घुमण्यावर प्रेमिलेचा आवाज आधी चाचपडत, नंतर निश्चिंतपणे येऊन टेकला.

गुणवंतराव उठले आणि आत निघून गेले.