थेंब थांबेना

आमच्या घरात बाळाचं नाव थेंब ठरवतो. वाळक्या भोपळ्याचा एक तुंबा आहे, माझ्या पणजीच्याही आधीचा. त्यात तांदळाची हलकी दारू भरायची, खाली सुपात तांदळाचं पीठ पसरायचं, आणि मामानं तुंबा तिरका धरून एकेक थेंब पाडत एकेक नाव घ्यायचं. ज्या नावाला थेंब तोंडाशीच लोंबकळत राहील आणि पडायला तयार होणार नाही, ते बाळाचं नाव. माझं बानरी हे नाव असंच ठरलं. माझ्या मोठ्या बहिणीचं, कोंग दाफिशाचं (कोंग म्हणजे ताई), तिसऱ्या थेंबाला ठरलं होतं. माझ्या वेळी म्हणे नऊ थेंब गेले.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे आणि शिलाँगच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. थेंब का अडतो हे मी दर वर्षी मुलांना शिकवते. अकरा वर्षांची असताना मी एकदा कुणी नसताना तुंब्यात पाणी भरून तीच सात नावं तीन वेळा म्हटली होती. तिन्ही वेळा थेंब वेगळ्याच नावाला अडला. मी हा निकाल किरशान मामाला सांगितला. तो म्हणाला, जन्मालाच न आलेल्या बाळाचं नाव विचारलंस तर थेंब बिचारा काय सांगणार?  

आमच्यात घर धाकट्या मुलीकडे येतं, आणि घराबरोबर घराचा धर्मही. पूजा, नावं ठेवणं, मेलेल्यांच्या अस्थी कुळाच्या दगडी घुमटीत आणून ठेवणं, सगळं तिनं सांभाळायचं. सांगायला मामा असतो, पण मांडायचं, रांधायचं, बोलवायचं तिनं. ती चर्चमध्ये गेली तर हे सगळं थोरलीकडे जातं. आमच्या थोरलीनं, दाफिशानं, सोळाव्या वर्षीच चर्च धरलं होतं. तिथल्या गायनात खालच्या सुरात गाणाऱ्या मुली कमी पडत होत्या आणि तिचा आवाज खालचा. मेइ, म्हणजे आमची आई, आठवडाभर रडली आणि मग तिनंच तिला गाण्याच्या दिवशी घालायचा पांढरा झगा शिवून दिला. दाफिशा तिथं मनापासून रमली. मावशीच्या मुलीही एकेक करून चर्चमध्ये गेल्या. उरले मी.

माझी पंचाईत वेगळी होती. मला कुणी बोलावत नव्हतं आणि कुणी अडवतही नव्हतं. माझा नवरा बादाप लग्नानंतर आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या आईनं त्याच्याबरोबर एक कोट, एक गिटार आणि प्रार्थनेचं पुस्तक पाठवलं होतं. कोट आणि गिटार तो वापरायचा. त्याचं म्हणणं, तू कुठंही जा, मी जेवायला येतो. पण मला वाटायचं, थेंबाला काही कळतं यावर आपला विश्वास नाही, मग तुंब्याशेजारी गंभीर चेहरा करून बसायचं कशाला? चर्चवरही तसा विश्वास नव्हता. पण तिथं निदान माझ्यावर काही अवलंबून नव्हतं. शेवटच्या बाकावर बसायचं आणि गाणं ऐकून घरी यायचं. गेलं वर्षभर मी हळूहळू त्या बाकाकडे सरकत होते.

हे मामाला कळलं होतं. मला मुलगी झाली त्या दिवशी तो हॉस्पिटलात आला, बाळाकडे पाहून हसला, पानसुपारीची पिशवी उघडली आणि चुना लावता लावता म्हणाला, "हो किंवा नाही, दोन्ही चालेल. 'बघू' चालणार नाही."

मी म्हटलं, नाव ठेवून झालं की सांगते.

"नको. आधी. तू नाही म्हणालीस तर हे शेवटचं ओतणं असेल. मग मी तुंबा नदीत सोडून येईन. राग म्हणून नाही. त्याच्यानं एकट्यानं काय करायचं भिंतीवर टांगून?"

तो चिडला असता तर सोपं झालं असतं. मी बाळाला पाजायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही लाइतरिमला घरी होतो. चुलीजवळ मला उशा लावून बसवलं होतं. मेइनं सुपात पीठ पसरलं, शेजारी सुकी मासळी ठेवली. मुलगी म्हणून एक कोयता आणि ओझ्याच्या टोपलीचा कपाळपट्टा ठेवला. दाफिशा पहाटेच आली होती आणि तेव्हापासून घासत होती. तिला स्वच्छतेचं वेड आहे. तिच्या घरी पाहुण्यानं पेला खाली ठेवला की तो उचलून धुतला जातो, पाहुणा अजून पीत असला तरी. पूजेत ती बसत नाही, पण कामाला नाही म्हणत नाही. सासूबाई, कोंग स्केमलिन, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. आत यायचं नाही हे त्यांचं ठरलेलं होतं. पण खुर्ची अशी मांडली होती की आतलं सगळं दिसावं.

नावं आठ होती. मेइचं एक, मामाचं एक, दाफिशाचं एक, बादापची दोन, माझी दोन. आठवं मर्सीलिन. ते सासूबाईंनी यादीसाठी दिलं नव्हतं, नुसतं बोलता बोलता म्हटलं होतं. बादापनं लिहून घेतलं.

मामानं धोतर सावरलं, डोक्याला फडकं बांधलं आणि देवाला हाक मारून सुरुवात केली. या घरात एक मूल आलंय, त्याचं नाव दाखव, ते नाव त्याला आरोग्य देणारं असू दे. त्याचा आवाज फार छान आहे. मग त्यानं तुंबा तिरका केला आणि पहिलं नाव घेतलं.

थेंब पडला. दुसरं नाव, थेंब पडला. तिसऱ्या नावाला एकदम दोन पडले. चौथ्या नावापर्यंत मामाच्या मनगटावरून दारूचा ओघळ कोपरापर्यंत गेला. आठही नावं संपली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणखी हळू. थेंब टपाटप पडत होते, जणू त्यांना बस गाठायची होती. तिसऱ्या फेरीला लोकांनी मनाला येतील ती नावं सुचवायला सुरुवात केली. शेजारच्या म्हातारीनं स्वतःचं नाव दिलं. कुणीतरी आमदारीणबाईंचं दिलं. सव्वीस नावं झाली आणि पिठाचा चिखल झाला.

मामानं तुंबा खाली ठेवला. हसणं हळूहळू थांबलं. असं कधी झालं नव्हतं. थेंब कुठलंच नाव घेत नाही तेव्हा घरात कुणाच्या तरी मनात काहीतरी अडलेलं असतं, असं आमच्यात मानतात. ते कुणाच्या, हे मामानं विचारलं नाही. तो फक्त माझ्याकडे पाहत राहिला.

तेवढ्यात व्हरांड्यातून सासूबाईंचा आवाज आला. अगदी मायेचा. "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. नाही म्हणायची देवाची हीच रीत असेल. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी चर्चमध्ये नाव ठेवू. मी पाद्रींशी बोलते."

हे फार सोपं होतं. मी वर्षभर ज्या दाराशी घुटमळत होते ते आपोआप उघडलं होतं. मला 'नाही' म्हणावं लागणार नव्हतं, ते थेंबानंच म्हटलं होतं. मेइ रडेल, पण माझ्यावर रडणार नाही. मामा तुंबा घेऊन नदीवर जाईल, पण माझ्यामुळे नाही. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

पण मी थेंब पाहिले होते. ते फार लहान होते. तुंब्याच्या जाड तोंडावरून थेंब पडतो तो चांगला टपोरा असतो, त्याला मान फुटते, मग तो सुटतो. हे तर मोहरीएवढे होते, आणि दारू तोंडावर न थांबता मानेवरून बाहेर पसरत होती. दारू तीच, तुंबा तोच. मग बदललं काय?

मी दाफिशाकडे पाहिलं. ती चुलीतल्या लाकडांकडे फार लक्ष देऊन पाहत होती.

"कोंग," मी विचारलं, "तुंबा धुतलास का?"

"धुतला. किती कळकट झाला होता. तोंडाशी नुसती काजळी."

"कशानं?"

"भांड्यांच्या साबणानं. लिंबाच्या वासाचा." आणि मग अगदी बारीक आवाजात, "नळाला पाणी कमी होतं म्हणून एकदाच खळबळला."

मामानं तुंबा नाकाशी नेला, हुंगला आणि म्हणाला, "तरीच. मला वाटलं बाळंतिणीनं काहीतरी लावलंय."

मेइला हसावं की रडावं ते कळेना. दाफिशा रडायलाच लागली. मी चर्चवाली म्हणून मुद्दाम केलं असं वाटेल तुम्हाला, म्हणाली. मेइ तिला म्हणाली, बाई, तू मुद्दाम काही केलं असतंस तर ते इतकं स्वच्छ झालं नसतं.

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, साबण असो नाहीतर काही असो, देव कशाच्याही हातून काम करून घेतो. यावर दोन-चार माना हलल्या, आमच्या बाजूच्यासुद्धा. मामाची हलली नाही आणि त्यानं नाही असंही म्हटलं नाही.

मी म्हणाले, "हे धरायचं नाही. उपकरण बिघडलं असताना आलेला निकाल आम्ही फाडून टाकतो. तुंबा नीट करू आणि पुन्हा ओतू."

"पुन्हा कशाला?" मामा म्हणाला. "तुझ्या मते थेंबाला काही कळत नाही ना?"

"नाही कळत."

"मग पडू दे ना. तुझं काय जातं?"

सगळे ऐकत होते. बाळ दूध ओढता ओढता थांबलं होतं. मला इतकंच माहीत होतं की खोट्या कारणानं हा तुंबा नदीत जाता कामा नये. ते म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की खऱ्या कारणानंही तो जायला मला नको आहे.

"माझा जातो," मी म्हणाले. "तुंबा माझा आहे."

मामानं पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मग दाफिशाला म्हणाला, रडतेस काय, पाणी तापव.

पुढचे दोन तास आमचं घर म्हणजे प्रयोगशाळा. तुंबा गरम पाण्यानं अकरा वेळा खळबळला. तोंडाला चुलीतली राख चोळली, पुन्हा धुतलं. पाण्याला फेस येतो का हे दाफिशा बघत होती. ती कडक परीक्षक निघाली, आम्ही पुरे म्हटल्यावरही तिनं दोनदा परत पाठवला. मग तो चुलीवर धुरात वाळत ठेवला. तुंब्यातली सगळी दारू वाया गेली होती, ती शेजारच्या म्हातारीनं आपल्या घरून आणली. खात्री म्हणून मी बादापला एका चमच्यात किती थेंब मावतात ते मोजायला लावलं. साबणाच्या वेळची दारू वाटीत उरली होती, तिचे एकशे बारा मावले. आता एकोणसत्तर. मामानं हे सगळं करू दिलं. एवढंच म्हणाला, मोजताना कुणी नाव घेऊ नका, नाहीतर पोरीचं नाव एकोणसत्तर पडेल.

दरम्यान जादोह, म्हणजे आमचा मांस घातलेला भात, शिजला होता. भुकेनं सगळे चुलीभोवती सरकले. कधीतरी सासूबाईंची खुर्चीही उंबरठ्याच्या आत आली होती. धूर बाहेर जास्त येतोय, असं त्यांनी कारण सांगितलं.

मामानं पुन्हा फडकं बांधलं आणि पुन्हा देवाला हाक मारली, पहिल्या शब्दापासून, काहीही न गाळता. पहिलं नाव, थेंब पडला. टपोरा. दुसरं, पडला. माझी दोन्ही नावं पडली, मामाचं स्वतःचं पडलं. मग त्यानं आठवं नाव घेतलं, आणि थेंब तोंडाशी आला, फुगला, त्याला मान फुटली आणि तो तसाच राहिला. मामानं नाव पुन्हा म्हटलं. राहिला. तिसऱ्यांदा म्हटलं. चुलीच्या उजेडात तो चमकत होता आणि कुणी श्वास घेत नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मर्सीलिन," मामानं जाहीर केलं.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, मी ते सहज म्हटलं होतं."

"थेंबानं मनावर घेतलं."

"पण त्याला कुणी सांगितलं?"

"तुम्ही तुमच्याला विचारा, कोंग," मामा म्हणाला, "मी आमच्याला विचारतो. नाव तर एकच आलंय."

मेइनं पीठ कालवून आधी बाळाच्या, मग माझ्या आणि बादापच्या पायांना लावलं. कोयता आणि पट्टा बाळाच्या उशाशी ठेवला. दाफिशा दारात उभी राहून हे बघत होती आणि गुणगुणत होती, तिच्या चर्चचंच काहीतरी, खालच्या सुरात. कुणी तिला थांबवलं नाही.

सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच विचारलं, म्हणजे चर्चमध्ये नाही का गं? मी म्हटलं, नाही, मेइ. त्यांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला मला दिसला.  मग त्यांनी हात पुढे केले.

"आण इकडे. नाव तरी माझं आहे."

जेवणं झाल्यावर मामा जायला निघाला. त्याची शेवटची गाडी तीनला असते. त्यानं तुंबा भिंतीवर टांगला, दोनदा सरळ केला आणि मग माझ्याकडे वळला. "हो म्हणालीस, असं धरतो."

"हो. पण थेंबाला कळतं असं मी कधी म्हणणार नाही."

"कोण म्हणायला सांगतंय? ते मी म्हणतो. तू पीठ बघ. आज जाडंभरडं होतं, मेइचे हात दुखतात आता. पुढच्या वेळी तू दळायचंस." त्यानं चपला शोधल्या. "आणि मार्चमध्ये मावशीच्या अस्थी आणायच्या आहेत. पस्तीस माणसं येतील. कॉलेजातून किती दिवसांची रजा मिळते तुला?"

चार दिवसांची, मी म्हणाले.

"आठ काढ," मामा म्हणाला आणि गाडी गाठायला गेला.