मोकळ्या जागी काहीतरी लागलं

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, माझं काम तुम्हीही करता. दिवे गेले की हात पुढे करून भिंत चाचपता ना? तेच. एका अवाढव्य मशीनच्या तोंडाशी बसायचं, हळूहळू पुढे सरकायचं आणि टोक कशाला टेकलं की ओरडायचं, "लागलं!" काय लागलं, कसलं लागलं, हे सांगायची सोय माझ्यात कुणी ठेवलेली नाही.

पेल्याएवढं पोलादी अंग, त्यातून निघालेली बारीक काडी आणि काडीच्या टोकाला वाटाण्याएवढा माणकाचा मणी, असा माझा थाट. माणिक कारखान्यात बनवलेलं असलं तरी माणिकच, बरं का! मला डोळे नाहीत. ऐकू मात्र येतं, कारण आवाज पोलादातून थेट माझ्यापर्यंत पोचतो. बघायचं ते मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळतं. जिथे मी टेकतो तिथे जग आहे. दोन टेकण्यांच्या मधे काय असतं, ते मला ठाऊक नाही. खरं सांगू? त्या मधल्या जागेची मला भीती वाटते.

आमच्याकडे धरणाच्या पाण्यावर फिरणारी पोलादी चाकं बनत. माणसाहून उंच चाक आणि त्याला पिळलेल्या टॉवेलसारखी वाकडी पाती. एक पातं दुसऱ्यावर असं कललेलं, की मधल्या फटीत माणूस सरपटत शिरेल, पण उजेड शिरणार नाही. ही पाती घासूनपुसून नेमक्या आकारात आणायचं काम थोरल्याचं. थोरला म्हणजे गोल तोंडाचा मोठा कटर, हत्यारांच्या कपाटातला माझा शेजारी. तो कमी बोलायचा, आणि त्याच्या वाटेत जे येईल ते कापायचा.

त्याची वाट आखायच्या मॅडम. वरच्या काचेच्या खोलीत संगणकापुढे बसून त्या ठरवायच्या, की थोरल्याने फटीत कुठून शिरायचं, किती तिरकं व्हायचं, कुठे अंग चोरायचं. त्याचं नाक या पात्यावर चालताना खांदा शेजारच्या पात्याला लागता कामा नये. दोन फेऱ्या लांब पडल्या तर मधे वरंबे राहतात, फार जवळ घेतल्या तर काम संपता संपत नाही. त्या म्हणायच्या, "कापायला काय लागतं? आत जाता आलं पाहिजे आणि न खरचटता बाहेर येता आलं पाहिजे." त्यांच्या चित्रात पाती होती, पकडी होत्या, एकेक बोल्ट होता. जे चित्रात नव्हतं, ते मशीनच्या लेखी जगातच नव्हतं.

थोरल्याआधी त्या वाटेने मी जाऊन यायचो. मोकळ्या म्हटलेल्या जागी काही टेकलं की मी ओरडायचो आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. सुरुवातीला माझं कोण कौतुक! पाहुणे आले की मला मुद्दाम चालवून दाखवायचे.

पण फटींत पोलादाचा कीस अडकायचा. कुरळी भेंडोळी नुसती! ती लागली तरी मी ओरडणार. ऑपरेटर दार उघडायचा, भेंडोळं काढायचा, पुन्हा दार लावायचा. हा ऑपरेटर म्हणजे घाईचा पुतळा, सगळे त्याला तुफान म्हणत. काही दिवसांनी त्याने दार उघडणं सोडलं. मी ओरडलो, की नुसतं बटण दाबायचा आणि मला पुढे रेटायचा. माझं नाव बोंबल्या पडलं. मला फार वाईट वाटायचं, पण सांगतो कुणाला?

एका दुपारी तुफानचा मोठा भाऊ फटीतला कीस काढायला आत शिरला. तो तिथलाच फिटर. नियम असा होता, की आत जाणाऱ्याने मशीनच्या दाराला स्वतःचं कुलूप घालायचं, म्हणजे बाहेरून कुणाला मशीन सुरूच करता येत नाही.

"दादा, कुलूप?" तुफान म्हणाला.

"अरे, दोन मिनिटांचं काम. कुठे शोधत बसू कुलूप? आणि आज लवकर सटकणार आहे मी. सकाळपासून गरगरतंय, साखर खाली गेली असणार."

"मग खाऊन घे की काहीतरी!"

"घेतो रे. तू जा, चहा पिऊन ये."

तुफान गेला. कपाटातल्या अंधारात मला दादाची कीस ओढायची लोखंडी आकडी ऐकू येत होती. पोलादावर खर्रर्र, खर्रर्र. मधूनच तो काहीतरी गुणगुणत होता. मग आकडी पडल्याचा आवाज आला. त्यानंतर आत कुणीच नसावं तसं शांत झालं.

तुफान परत आला, त्याने दोन हाका मारल्या. उत्तर नाही. "गेला वाटतं. सांगून तरी जायचं!" असं पुटपुटत त्याने दार ओढून घेतलं आणि मला बाहेर काढलं.

पहिल्या पात्याच्या कडेला मी टेकलो. खणखणीत. दुसऱ्या जागी टेकलो, तिथेही ठीक. मग मॅडमच्या वाटेने मी फटीत उतरलो. तिथे चित्राप्रमाणे नुसती हवा होती. आणि त्या हवेत मला काहीतरी लागलं.

ते दबलं. किसाचं भेंडोळंही दबतं, म्हणून मला काही कळेना. मी आपला ओरडलो.

"झाला सुरू बोंबल्या!" तुफानने बटण दाबलं. मला मागे घेतलं, पुन्हा पुढे सोडलं. पुन्हा लागलं, पण या वेळी जरा अलीकडेच. परत बटण. आता ते पलीकडे सरकलेलं. वाट तीच, जागा तीच, आणि ते मात्र एका ठिकाणी थांबत नव्हतं.

तुफानने काचेला नाक लावून पाहिलं. काचेवर तेलपाण्याचे ओघळ आणि आत अंधार. त्याने वर फोन लावला. "मॅडम, प्रोब कामातून गेलाय. चावी द्या, तपासणी सोडून सरळ कापायला घेतो."

ती चावी फिरली की मी कपाटात जाणार होतो आणि त्याच वाटेने थोरला येणार होता.

मॅडम चावी घेऊन खाली आल्या. पडद्यावरचे आकडे पाहून थबकल्या. "सगळे वेगवेगळे कसे?"

"कीस अडकलाय, दुसरं काय? कटर फिरला की उडेल आपोआप."

"पुन्हा लाव."

"मॅडम, उशीर होतोय हो."

"लाव म्हणते ना!"

मी टेकलो. ओरडलो. "परत," त्या म्हणाल्या. मी पुन्हा टेकलो. "परत." असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

"तुफान, कीस असता तर एक तर पडला असता, नाहीतर तिथेच राहिला असता. हे पुढे येतंय, मागे जातंय. परत पुढे येतंय."

"म्हणजे?"

"ते श्वास घेतंय."

मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता. मग लाल बटणावर धाडकन हात पडला. मशीन मेल्यासारखं गप्प झालं. दार उघडलं आणि तुफान "दादा! दादा!" करत फटीत घुसला. पाय धरून त्याने भावाला बाहेर ओढलं. मॅडमनी साखरेचं पाणी आणलं, थेंब थेंब तोंडात घातलं. बऱ्याच वेळाने दादा कण्हला.

"पाठीत कोण बोट खुपसत होतं रे?" तो म्हणाला. "वाटलं, आई उठवतेय. उठणारच होतो."

त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तुफान दाराशी बसून मोठमोठ्याने रडला.

त्या दिवसापासून मला बोंबल्या कुणी म्हटलं नाही. दार लावण्याआधी तुफान आत डोकं घालून विचारायचा, "कोण आहे का आत?" दादा शेजारी उभा असला तरी विचारायचा, आणि उत्तर येतंय का ते ऐकत थांबायचा. दादा आधी हसायचा. मग तोही थांबून ऐकू लागला.

आता माझ्या जागी नवा प्रोब आहे आणि मी डबीत पडून असतो. मित्रांनो, तुमच्या घरी एकच एक गोष्ट घोकणारं कुणी असेल. तान्हं मूल असेल, थकलेली आजी असेल, दारातलं कुत्रं असेल. त्यांच्यावर खुशाल वैतागा, पण उठून बघून या. कारण डबीतल्या अंधारात मला एकच विचार छळतो. त्या दुपारच्या आधीही मोकळ्या जागी मला पुष्कळदा काहीतरी लागलं होतं. प्रत्येक वेळी बटण दाबलं गेलं आणि माझ्यामागून थोरला त्या वाटेने गेला. कीसच असणार. दुसरं काय असणार? पण दार उघडून कुणी पाहिलंच नव्हतं.