परवाला वार नाही

मी एक जुनी गिटार आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा फार सोशिक असतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटाला भेग आहे, खुंट्या कुरकुरतात आणि ज्या घरात मी राहते, तिथल्या माणसांनी एका शब्दापायी माझा जीव नकोसा केला आहे. तो शब्द म्हणजे 'परवा'.

तुम्ही पुण्याचे किंवा नाशिकचे असाल, तर तुम्हाला वाटेल, यात वैतागण्यासारखं काय आहे? तुमच्याकडे परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, नाहीतर उद्याच्या नंतरचा. पण मी सिकंदराबादला राहते. इथल्या दखनी बोलीत 'परसों' म्हणजे मागे केव्हातरी. तो परसों इथल्या मराठीच्या अंगात शिरला आणि आमचा परवा मागेही लांबला, पुढेही लांबला. घरातले आजोबा, यशवंतराव, पाहुण्यांना अजून सांगतात, "ही गिटार ना? परवाच आली." त्या परवाला त्यांची मुलगी प्रिया फ्रॉक घालत होती. आता प्रियाची मुलगी फ्रॉक घालते. आता बोला!

माझा जन्म कोलकात्याच्या कारखान्यात झाला. माझे पहिले मालक पर्सीसाहेब रेल्वेत गार्ड होते. संध्याकाळी ते क्वार्टरच्या पायरीवर बसून कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली, गाणी म्हणत. घोडे, आगगाड्या, लांब राहिलेलं घर, असं सगळं त्या गाण्यांत असायचं. शेजारची छोटी प्रिया कुंपणापाशी उभी राहून ऐकायची. साहेबांनी तिला मांडीवर मला धरायला शिकवलं, आणि मुलाकडे परदेशी जाताना मला यशवंतरावांच्या हवाली केलं. "हिला उन्हात ठेवू नका," एवढंच ते म्हणाले. यशवंतरावांनी मला खिडकीत ठेवलं. माझी भेग तेव्हाची आहे.

प्रिया मात्र मला जीव लावायची. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि मला घ्यायची. तिचे बाबा तिकीट तपासनीस. "परवा येतो गं," म्हणून गाडीवर जायचे. तो परवा कधी दोन दिवसांनी उगवायचा, कधी ड्यूटी बदलली की पुढच्या आठवड्यात. पोर दारात बसून राहायची. एकदा अशीच बसलेली असताना तिने माझ्या तारांवर एक गाणं रचलं:

गाडी सुटली, शिट्टी झाली, बाबा बोलून गेले काही,
'परवा येतो' ऐकू आलं, परवाला त्या वार नाही.

चाल पर्सीसाहेबांच्या वळणाची, शब्द आमच्या घरातले. हे गाणं ती फक्त मला ऐकवायची.

पुढे ती कॉलेजात गेली आणि एक घोटाळा झाला. यशवंतराव सगळीकडे अभिमानाने सांगत, "आमची लेक कंट्री गाते." सुलतान बाजारजवळच्या मराठी मंडळाने कंट्री म्हणजे देश असा सरळ अर्थ लावला आणि पंधरा ऑगस्टला तिला देशभक्तिपर गीतांसाठी बोलावलं! मंचावर तिरंगी पताका, समोर खादीतले एकनाथराव अध्यक्ष, आणि आमच्याकडे घोड्यांची गाणी. शेवटी तिने डोळे मिटले आणि 'परवाला त्या वार नाही' म्हणायला सुरुवात केली.

सभागृह आधी गोंधळलं, मग पुढे वाकून ऐकू लागलं. त्या सभागृहात अर्धी घरं रेल्वेची, उरलेली कचेऱ्यांची. प्रत्येक घरात कुणीतरी परवा म्हणून गेलेलं होतं. एकनाथराव डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "हे देशभक्तिपर नसेल, पण पुन्हा म्हण बेटा." कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. त्यानंतर प्रिया काही आमच्यापुरती राहिली नाही. 'सिकंदराबादची कंट्रीवाली' म्हणून तिचं नाव झालं. नांदेडपासून नागपूरपर्यंत, मग दुबई, मग सिंगापूर. पोस्टरवर ती आणि तिच्या हातात मी. तेव्हा मी खूप मिरवले, खोटं कशाला बोलू?

तिचं लग्न आमच्याच बिल्डिंगमधल्या केदारशी झालं. तो कॉलेजात गणित शिकवतो, स्वभावाने गार पाणी. सासर म्हणजे एक जिना चढायचा. मग श्रुती झाली. आणि मग प्रियाला एक नवी, काळी, चकचकीत गिटार मिळाली. तिला विजेची वायर जोडतात. मला केदारच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगलं आणि माझ्याभोवती दिव्यांची माळ सोडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोक येतात, माझ्यासोबत फोटो काढतात, आणि माझ्यावरची धूळ कुणी पुसत नाही.

मला याचाही एवढा राग नव्हता. राग होता तो निराळा. प्रिया दौऱ्यावर निघाली की जिन्यातून ओरडायची, "श्रुती, परवा येते गं!" जी मुलगी बापाच्या परवावर गाणं रचून मोठी झाली, ती स्वतःच्या लेकीला तोच परवा देत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला तोंड असतं तर तेव्हाच सुनावलं असतं. श्रुती आधी दारात बसायची. मग दारात बसणं तिने सोडलं. खुर्चीवर चढून मला खाली काढायची आणि एकटीच तारा छेडायची. प्रियाने तिला शिकवायचं कबूल केलं होतं. कधी? परवा! एक दिवस माझी तार तटकन तुटली. श्रुतीने फोन लावला. तिकडून काय उत्तर आलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

आणि मग घरी टीव्हीवाले आले. मोठ्या गायिकेचं घरगुती आयुष्य दाखवायचं होतं. प्रिया त्याच सकाळी विमानतळावरून आली होती, बॅग अजून दारातच होती. श्रुतीच्या आजीने, प्रमिलाबाईंनी, सगळ्यांसाठी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा केला होता. मुलाखत घेणारी मनीषा पुण्याची, गोड आणि नीटनेटकी. तिने श्रुतीला विचारलं, "आई तुझ्याबरोबर शेवटचं कधी खेळली गं?"

"परवा," श्रुती म्हणाली.

"बघा!" मनीषा कॅमेऱ्याकडे वळली. "एवढी मोठी गायिका, पण परवाच लेकीबरोबर खेळली!"

केदार पंख्याकडे बघत बसला. प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. श्रुती खोटं बोलली नव्हती. हैदराबादच्या हिशोबाने अगदी खरं बोलली होती. पण पुण्याच्या मनीषाला ते कुठून कळणार? प्रियाला कळलं. तिचं हसू जागच्या जागी राहिलं, पण हात मांडीवर घट्ट झाले.

"आता जुन्या गिटारवर तेच गाणं होऊ दे," मनीषा म्हणाली. मला खाली काढलं. प्रियाने बोट फिरवलं आणि जिथे सूर यायला हवा होता, तिथे काहीच आलं नाही.

"अगं, हिची तार कधी तुटली?"

"परवा."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"मी बोलले ना फोनवर," श्रुती म्हणाली. "तू बोलली, परवा येऊन लावते. शिकवते बी बोलली होती. मी किती ठैरले, वाट बघत."

मनीषाने हळूच विचारलं, "म्हणजे हा परवा नक्की कधीचा?"

"परवा म्हणजे परवाच हो बाई," खालून शूटिंग बघायला आलेले यशवंतराव म्हणाले. धन्य ते गृहस्थ!

प्रियाने मला छातीशी धरलं. तिचं काळीज किती जोरात चाललं होतं, ते फक्त मला ऐकू येत होतं. "हे गाणं आज माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली.

"मग कधी करू या शूटिंग?" मनीषाने विचारलं.

"परवा..." प्रियाच्या तोंडून गेलं, आणि तिने जीभ चावली.

"वार सांग," श्रुती म्हणाली.

प्रिया तिच्याकडे बघत राहिली. मग रडली, अगदी कॅमेऱ्यासमोर. मनीषाने शहाणपण दाखवलं, कॅमेरा बंद करायला सांगितला. "गुरुवार," प्रिया म्हणाली. "शूटिंग नाही. तुझी शिकवणी. येणाऱ्या गुरुवारी."

केदारने आठवण करून दिली, की गुरुवारी विशाखापट्टणमला कार्यक्रम आहे. "तो परवा," प्रिया म्हणाली, आणि केदार पहिल्यांदा मोठ्याने हसला.

गुरुवारी ती खरंच घरी होती. स्वतः रिक्षाने जाऊन तारांचा संच घेऊन आली. मला मऊ फडक्याने पुसलं, नवी तार ओढली, आणि श्रुतीची बोटं धरून माझ्यावर ठेवली. पोरीची बोटं लाल झाली. आई फुंकर घालत राहिली. मित्रांनो, पोस्टरवर असतानाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तर माझं मागणं थोडंच आहे. गिटारीला उन्हात ठेवू नका. भिंतीवर टांगलीत, तर अधूनमधून वाजवाही. आणि घरात कुणी तुमची वाट पाहत असेल, तर त्याला परवा सांगू नका. वार सांगा, आणि त्या वारी या.

शिकवणी संपल्यावर प्रियाने माझ्या पोटावरून हात फिरवला. "अरे, ही भेग बी जोडायला पाहिजे. परवा नेते दुकानात."

श्रुतीने मान वर केली नाही. ती तारा सुरात जुळवण्यात गुंतली होती. "वार?"

"रविवार," प्रियाने स्वतःचे कान धरून सांगितलं.

आज शनिवार आहे.