बसल्या माणसाचं माप

"हलू नकोस रे! बुद्धासारखा बस की जरा," मी गाडीखालून ओरडलो.

"आमच्या देवळातल्या बुद्धाला पोट असतं," वरून यापचा आवाज आला. "मला कुठे राहिलंय?"

मी हसलो. तो नेहमी असंच काहीतरी बोलतो. मग चाकाच्या मध्यावर बांबूची पट्टी टेकवून मडगार्डपर्यंतची उंची घेतली आणि माझं हसू तिथेच थांबलं. उजवी बाजू डावीपेक्षा चांगली बोटभर वर होती.

मी त्रिंकापच्या थंड डोंगरावर गेली कित्येक वर्षं जुन्या लँडरोव्हरचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या कमानीतल्या पोलादी पट्ट्या, बसवतो. इथे भाजीच्या मळ्यांवर दुसरी गाडी चालत नाही, आणि यातल्या काही गाड्या माझ्याहून वयाने मोठ्या आहेत. माझी एक खोड सगळ्यांना ठाऊक आहे. रिकाम्या गाडीचं माप मी घेत नाही. जो चालवणार तो आत बसला पाहिजे, पायात गमबूट, डोक्यावर टोपी, असेल तसा. चाकं जमिनीवर, माणूस गादीवर, आणि मगच मी कमानीच्या टोकाचे नट आवळतो. गाडी लटकती ठेवून आवळले तर आतलं रबर पिळलं जातं आणि मग गाडी जन्मभर रुसून चालते. पोरं म्हणतात, अरुळप्पन गाडी दुरुस्त करत नाही, शिंपी माप घेतो तसं घेतो. म्हणू देत.

यापची गाडी तर खास त्याच्यासाठीच बेतलेली. हा हक्का चिनी माणूस, कोबी पिकवणारा, आमच्या डोंगरावरचा सगळ्यात वजनदार शेतकरी. तो स्टिअरिंगवर बसला की गाडी उजवीकडे वाकून नमस्कार करायची. म्हणून मी त्याच्या उजव्या कमानीत एक जादा पाटा घालून दिला होता. रिकामी असताना गाडी डावीकडे कलायची, आणि याप बसला की सरळ व्हायची. मला त्या कामाचा फार अभिमान होता.

मागे एकदा ती तो बसलेला असतानाही डावीकडे कलली, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं की डावी कमान थकली. तापवून, ठोकून तिला वर आणलं. आणि आज पुन्हा तेच.

"उतर खाली," मी म्हणालो.

रिकाम्या गाडीचं माप मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. दोन्ही कमानी मी बसवल्या होत्या तशाच, जिथल्या तिथे. त्याला परत बसवलं. पुन्हा बोटभर फरक. लोखंडात काही खोट नव्हती.

मग मी यापकडे नीट पाहिलं. रोज भेटणाऱ्या माणसाकडे कोण नीट पाहतो? त्याची विजार कोबीच्या टोपल्या बांधायच्या गुलाबी सुतळीने कमरेला बांधलेली होती. घड्याळ मनगटावरून घसरून पार कोपरापर्यंत गेलं होतं. माझा थोरला भाऊ सवरी असाच वाळत गेला होता. जेवायला बसायचा आणि ताटातलं नुसतं इकडचं तिकडे करायचा. तो जाईपर्यंत आम्ही म्हणायचो, कामाचा ताण आहे.

"काय झालं? परत डावी कमान बसली?" यापने विचारलं.

"तू बारीक झालायस, तवके." तो शेठ नाही, पण त्याला शेठ म्हणून चिडवायची आमची जुनी सवय.

"उन्हात राबलं की माणूस बारीक होणारच."

"त्रिंकापला ऊन कुठाय?"

मी पान्याचं फडकं हातात चोळत उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "उजवीकडचा जादा पाटा काढून टाकतो. गाडी सरळ होईल."

"नको!" तो एवढ्या जोरात म्हणाला की दोघंही दचकलो. "तो राहू दे. मी भरून येईन. सण जवळ आलाय, युन मोय डुक्कर शिजवेल, महिनाभरात बघ कसा दिसतो ते."

युन मोय त्याची बायको. तिच्या हातचं डुक्कर खाऊन माणूस भरतो, हे खरंच. मी पाटा काढला नाही. गाडी डावीकडे कललेलीच डोंगर चढून गेली आणि वळणाआड होईपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिलो.

सण झाला. त्यानंतर तो ब्रेकचा आवाज दाखवायला आला तेव्हा गाडी जराही न कलता आत शिरली. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात संत अंतोनीला मेणबत्ती कबूल करून टाकली. म्हटलं, भरला गडी!

मग याप उतरला. तो उतरला की ही गाडी उजवीकडून झटकन वर यायची. आज जेमतेम हलली. त्याचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. मी दार उघडलं आणि त्याच्या गादीच्या मागे हात घातला. खताची गोणी होती, तोंड बांधलेली. सुतळी सोडली. आत ओढ्यातले गोटे.

"हे काय?"

"राहू दे ना ते."

"याप, हे काय आहे?"

तो टायरवर बसला. त्याने बुटाला लागलेला चिखल काडीने काढला. "तिला दिसतं," तो म्हणाला. "संध्याकाळी मी वर जातो तेव्हा ती दारात उभी राहून बघत असते. परवा विचारलंन, गाडी वाकडी का चालते म्हणून. काय सांगू?"

"म्हणून दगड घातलेस?"

"मग काय स्वतःला दगड खाऊ घालू?"

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

"अप्पन, मी घाबरलोय रे," तो म्हणाला. पंचवीस-तीस वर्षांत मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. "ओढ्यावरचं वळण आहे ना, तिथे परवा स्टिअरिंग वळेचना. गाडी ठीक होती. माझे हातच वळेनात. मागे टोपल्या भरलेल्या, टोपल्यांवर दोन मजूर बसलेले. मी ब्रेक दाबून तसाच बसून राहिलो. त्यांना वाटलं, तवके सिगारेट ओढतोय."

ते वळण मला माहीत आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. खाली ओढ्यात कुणाची तरी जुनी गाडी अजून उलटी पडलेली दिसते.

मी जॅक आणला. उजवी बाजू उचलली, ठोकळे लावले आणि नट सोडायला सुरुवात केली.

"ब्रेक तिकडे नाहीये," याप म्हणाला.

कमान आख्खी सोडवून बाकावर नेऊन ठेवली. मग म्हणालो, "इपोहला जा. मोठ्या दवाखान्यात दाखव. तोपर्यंत ही गाडी चाकांवर येत नाही."

"कोबी तयार झालाय! गड्डे फुटतील!"

"फुटू देत."

"तू कोण रे मला अडवणारा?"

"पाटेवाला."

त्याने मला हक्कामध्ये शिव्या घातल्या. त्या मला सगळ्या कळतात, त्यानेच शिकवल्यात. मग तो पायीच निघाला. चढावर विजेच्या खांबाला धरून थांबला, मी बघत असेन अशी शंका येऊन खांबाला लावलेली जाहिरात वाचल्याचं नाटक केलं, आणि पुढे गेला. मला वाटलं होतं, आपण बरोबर केलं म्हणून बरं वाटेल. पण भीती वाढली. आता माझं म्हणणं चूक ठरावं एवढीच माझी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी युन मोय आली. बुटकी, वाळकी बाई, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात छत्री.

"अण्णे, गाडी का अडवलीस?"

"आसो," त्यांच्या बोलीत वहिनीला असंच म्हणतात, "ते नट जरा गंजले होते..."

"थापा मारू नकोस." तिने छत्री बाकावर आपटली. "त्याच्या विजारी कोण धुतं? मी. ताटात उरलेला भात कोंबड्यांना कोण घालतं? मीच. कोंबड्या माजल्यात माझ्या! तुम्हा दोघांना काय वाटलं, मला दिसत नाही?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"तो लपवत होता ना. त्या लपवण्यातच त्याचा दिवस जायचा. तेवढंही काढून घेऊ त्याच्याकडून?" ती खाली बसली. "गाडी वाकडी का, असं मुद्दाम विचारलं. वाटलं, आता तरी तोंड उघडेल. तर हा माझ्याच ओढ्यातले गोटे वेचून आला. कुणाला दिसू नये म्हणून अंधारात, अण्णे, चोरासारखा. मी खिडकीतून बघत होते."

ती रडली नाही. मीच तोंड फिरवून बाकावरची हत्यारं नीट लावत बसलो.

"गाडी देऊ नकोस," जाताना ती म्हणाली. "उद्याच्या बसने नेते त्याला. मारून-मुटकून नेते."

त्यानंतर पुष्कळ दिवस गेले. गाडी ठोकळ्यांवर तशीच होती. गिऱ्हाइकं विचारायची, ही जागा का अडवून ठेवलीस? मी त्यांच्यावर उगाचच खेकसायचो. फोन वाजला की माझा जीव टांगणीला लागायचा, आणि फोन कुणाच्या तरी रेडिएटरचा असायचा. सवरीच्या वेळी मला काही कळलं नव्हतं, म्हणून मी एवढा भ्यालो नव्हतो. या वेळी सगळं कळत होतं.

शेवटी एका दुपारी दोघं चालत आली. ती पुढे, तो तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. इपोहला त्याचं पोट उघडलं आणि काहीही न काढता परत शिवलं, असं युन मोयने सांगितलं. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. याप टायरवर बसला. टायर जरासुद्धा दबला नाही.

"कोबी गेला," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"नवा लावलाय. गाडी ही चालवणार. लग्नाआधी बापाची चालवायची, माझ्याहून बरी चालवते." मग बाकाकडे बोट दाखवून तो शांतपणे म्हणाला, "तो जादा पाटा काढ आता."

मी बाकावरच्या कमानीचे पाटे सुटे करायला घेतले. तो पाटा एवढी वर्षं बाकीच्यांना चिकटून बसलेला, सहजी निघेना. छिन्नी लावून ठोकावा लागला. याप बघत होता. प्रत्येक घावाला त्याच्या पापण्या मिटत होत्या, पण तो थांब म्हणाला नाही. पाटा निघाला तेव्हा मी तो त्याच्या नजरेआड, पिंपामागे नेऊन ठेवला.

बाकीचे पाटे चढवले, गाडी चाकांवर आणली. "बस आसो," मी म्हणालो.

"गमबूट घालून बस," यापने बजावलं. "चप्पल घालून माप दिलंस तर हा ओरडतो."

"माहितीये मला," म्हणत ती चढली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसली. मी पट्टी घेऊन वाकलो, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, अण्णे. आणि हा?"

"हा काय?"

"हा माझ्या शेजारी बसणार. घरी ठेवून जाणारे का मी याला? त्याचंही माप घे."

"तसं करत नाहीत, आसो. शेजारचा माणूस आज असतो, उद्या..." मग नुसतं कामाचं बोललो. "चालवणाऱ्याचंच माप धरतात. दोघांचं धरलं तर तू एकटी असलीस की गाडी तुझ्या बाजूला कलेल."

"कलू दे," युन मोय म्हणाली.

मी यापकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मग उठला आणि सवयीने उजव्या दाराकडेच गेला. तिथे ती बसलेली. क्षणभर तो दाराला हात लावून उभा राहिला आणि गाडीच्या तोंडाला धरत धरत वळसा घालून डावीकडे आला. चढायला मी हात दिला. तो आत बसला तरी गाडी खाली गेल्याचं मला जाणवलं नाही.

पट्टी टेकवली. डावी बाजू किंचित खाली होती, नखभर. तेवढं वजन होतं त्याचं अजून. मला त्या नखभराचा एवढा आनंद झाला की पट्टी हातातून पडली. जुन्या सामानातून एक पातळ पाटा शोधला, डाव्या कमानीत घातला, आणि दोघांना परत बसवून पुन्हा मापलं. दोन्ही बाजू सारख्या.

नट आवळायला मी गाडीखाली शिरण्याआधी एकदा वर पाहिलं. दोघं समोर बघत होती, फोटोला बसल्यासारखी. ती स्टिअरिंग धरून, आणि तो मांडीवर हात ठेवून, गाल फुगवून, छातीत श्वास भरून धरलेला.

"श्वास सोड रे, तवके," मी म्हणालो. "श्वास धरून वजन वाढत नाही."

"बघ नीट," तो दातांतून म्हणाला. "थोडं वाढत असेल."

मी खाली शिरलो आणि पाना लावला. वर त्याने श्वास सोडलेला ऐकू येईपर्यंत फिरवला नाही.